मांजराचा ट्रे कोणी उपसायचा?

घरात मांजराचं पिल्लू आलं आणि त्यानं सोफ्यामागे, नाहीतर धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात कार्यभाग उरकला, की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणतं, त्याचं नाक त्याच घाणीत घासा, पुन्हा करायचं नाही. कोणी म्हणतं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक ठेवून द्या. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या टाका, रात्रभर बाथरूममध्ये कोंडा. आणि काहीच लागू पडलं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शेवटचा उपाय आहेच: पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच समज असतो. मांजराला स्वच्छता कळत नाही, ती आपण त्याला शिकवायची आहे.

माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. कुठे करायचं आणि केल्यावर काय करायचं, हे मांजर बहुतांशी शिकूनच घरात येतं. त्याला लावायचं वळण थोडकंच. जास्त वळण लागायला हवं ते घराला, आणि तेही ‘मुक्या जिवाला समजून घ्या’ अशा गोड अर्थानं म्हणत नाही मी. प्रश्न रोखठोक आहेत. शी-शूचा ट्रे कुठे ठेवायचा, त्यात काय भरायचं आणि रोज सकाळी तो उपसायचा कोणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दुकानदारही देतो. तिसऱ्याचं उत्तर ज्या घरात ठरलेलं नसतं, त्या घरातलं मांजर हमखास ‘बिघडतं’.

आधी मांजर काय शिकून येतं ते पाहू. जन्मल्यापासून साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते, आणि आईच ती चाटून साफ करते. म्हणून तर माळ्यावर अडगळीत मांजर व्यालं तरी घरच्यांना कित्येक दिवस पत्ता लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू पायांवर उभं राहून हिंडू लागतं, आणि भुसभुशीत काही सापडलं की पंज्यानं उकरू लागतं. त्याला हे कोणी करून दाखवावं लागत नाही. आई गेलेली, बाटलीच्या दुधावर वाढलेली पिल्लंही तेच करतात. हा वारसा आहे. पाळीव मांजराचा पूर्वज हा उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं रानमांजर, शास्त्रीय नावानं फेलिस लिबिका. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा ही सोबत किती जुनी आहे ते कळलं. पण सोबत म्हणजे ताबेदारी नव्हे. कुत्र्याच्या कित्येक जाती माणसानं हुकूम पाळण्यासाठी निवडून निवडून घडवल्या. मांजराकडून कोणी कधी हुकूमपालन मागितलंच नाही. उंदीर मारले की त्याचं काम संपलं.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर आपण मांजराला सोवळं करून टाकू. मांजर विष्ठा पुरतं ते काही आरोग्यखात्याच्या नियमाप्रमाणे नव्हे. पुरण्यामागे वास दाबण्याचा भाग मोठा असतो, आणि बाहेर मोकळं हिंडणारी मांजरं कित्येकदा ती उघडीही टाकतात. तेव्हा ‘मांजर मुळात स्वच्छ’ हे कौतुक आणि ‘मांजर मुळात घाणेरडं’ ही शिवी, दोन्ही आपलीच. मांजराजवळ आहे ती एक पक्की ओढ: मऊ, कोरडी, उकरता येणारी जमीन हवी, तिथे निवांतपणा हवा आणि तिथे आधीची घाण नको. ही ओढ पुरी होईल अशी जागा घरात असेल, तर बहुतेक पिल्लं दोन-चार दिवसांत ती धरतात. नसेल, तर त्या गुणांच्या जवळ जाणारी दुसरी जागा शोधतात. कुंडीतली माती, पायपुसणं, दुलई.

जुन्या घरांत हा प्रश्न उभा राहिला नाही, त्याचं श्रेय मात्र जुन्या माणसांच्या शहाणपणाला देऊ नये. चुलीची राख होती, परसात माती होती, गोठ्याजवळ भुसा होता. मांजर कुठे जातं हे कोणी पाहिलं नाही, कारण पाहायची गरज नव्हती. मग परस गेलं, चूल गेली, जमिनीवर फरशी आली आणि आपण चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. मांजराची ओढ मात्र जागच्या जागी राहिली.

परदेशात हा पेच थंडीनं आधी आणला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं गाव आहे. १९४७ च्या जानेवारीत तिथल्या एका बाईंच्या अंगणातली वाळू गोठली. मांजराच्या खोक्यात राख घालावी तर पंज्यांचे काळे ठसे घरभर. त्या बाई एडवर्ड लो नावाच्या तरुण शेजाऱ्याकडे वाळू मागायला गेल्या. त्याच्या घरच्या धंद्यात सांडलेलं तेल टिपून घेणारी दाणेदार माती विकायला होती. त्यानं ती दिली. बाईंना ती इतकी पसंत पडली की लो यांनी तीच माती पिशव्यांत भरून दुकानात नेली. वाळू फुकट मिळत असताना माती कोण विकत घेणार, असं दुकानदाराला वाटलं, तेव्हा आधी फुकट वाटा म्हणून लो यांनी सांगितलं. पुढे लोक पैसे देऊन मागू लागले आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. ओलं झालं की गोळा बांधणारी बेंटोनाइट माती १९८० च्या दशकात आली. हे बेंटोनाइट आपल्या शेजारी कच्छमध्ये मुबलक निघतं आणि तिथून जगभर जातं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं मांजर आज विकतच्या मातीवर बसतं. यात हसण्यासारखं काही नाही. त्याच्या पायाखालची जमीन आपण काढून घेतली, तिची ही भरपाई आहे.

भरपाई द्यायची तर नीट द्यावी. मांजर ट्रेमध्ये जातं तेव्हा एकदा लक्ष देऊन पाहावं. काठाशी थांबून ते वास घेतं. आत उतरून एका पुढच्या पंज्यानं उकरतं, पुरेसं वाटलं नाही तर सरकून दुसरीकडे उकरतं. मग वळतं, बसतं; त्या वेळी नजर समोर कुठेतरी लागलेली. झाल्यावर वळून पुन्हा हुंगतं आणि माती ओढून घेतं. ही वळावळ करायला जागा लागते. म्हणून ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा, आणि आपल्याकडे सर्रास विकले जाणारे ट्रे मोठ्या बोक्याला पुरत नाहीत. त्यापेक्षा भांडी-कपड्यांसाठी मिळणारं प्लॅस्टिकचं रुंद घमेलं बरं. मांजर पुढचे पाय काठावर ठेवून अवघडून बसत असेल, तर आतला माल त्याच्या पायांना पसंत नाही. माती सोडून शेजारची फरशीच खरवडत असेल, तर ट्रे लहान आहे किंवा घाण झाला आहे. ही सगळी तक्रारच असते, फक्त तोंडी नसते. तिच्यावर आपण काढतो तो उपाय बहुधा उलटा पडतो: सुवासिक लिटर, म्हणजे ट्रेमध्ये भरायची विकतची माती, आणतो. गुलाबाचा नाहीतर लॅव्हेंडरचा वास आपल्या नाकासाठी असतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवतो, कारण तेवढीच जागा उरलेली असते. एकदा ऐन वेळी मशीन घरघरत फिरू लागली की मांजर तिथे पुन्हा पाऊल टाकायला तयार होत नाही. आणि फरशी पुसतो फिनेलनं. फिनेलमधली फिनॉल जातीची द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ती पोटात जातात. डांबरगोळ्यांची गोष्ट तीच. स्वच्छतेच्या नावाखाली आपण घरात विष पसरतो आणि वर मांजराला घाणेरडं म्हणतो.

आता शिक्षेकडे येऊ. नाक घासण्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, धाकाशिवाय कोणी शिकत नाही. मांजराला शिकता येत नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्राणी कसे शिकतात याच्या अगदी सुरुवातीच्या पद्धतशीर अभ्यासांपैकी एक झाला तो मांजरांवरच. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेटीत ठेवलं आणि खाणं बाहेर ठेवलं. धडपडताना कधीतरी दोरी ओढली जायची आणि दार उघडायचं. पुन्हा पुन्हा ठेवल्यावर तेच मांजर हळूहळू कमी वेळात बाहेर येऊ लागलं. ज्या कृतीचं फळ लगेच आणि गोड मिळतं, ती कृती पक्की होते. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी २०१९ साली दाखवून दिलं की पाळीव मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. ओ देत नाहीत ती वेगळी गोष्ट. म्हणजे मांजर शिकतं. प्रवासाच्या पिंजऱ्यात आपणहून बसायला, नखं कापू द्यायला, ओट्यावर न चढता शेजारच्या स्टुलावर बसायला ते शिकू शकतं.

नाक घासल्यावर मात्र ते काय शिकतं, हे थॉर्नडाइकच्याच हिशेबानं पाहावं. सकाळी केलेली शी आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसानं धरलेली मानगूट, यांची सांगड ते घालू शकत नाही. त्याला कळतं एवढंच की हा माणूस धोक्याचा आहे. करताना पकडून मारलं, तर कळतं की या माणसादेखत करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जातं, माळ्यावर जातं, सगळे झोपल्यावर उरकतं. तेव्हा आपण म्हणतो, बघा किती लबाड, चोरून करतं! लबाडी आपणच शिकवलेली असते आणि तीच पुढच्या शिक्षेचा पुरावा ठरते.

याहून घातक समज म्हणजे ‘मुद्दाम करतं’. आपण चार दिवस गावाला गेलो म्हणून सूड म्हणून गादीवर मुतलं, नवी सून आली म्हणून तिच्या साड्यांवर मुतलं. सूड घ्यायला मागचा अपमान आठवून पुढचा डाव रचावा लागतो. एवढा उद्योग मांजर करत असल्याचा काही आधार नाही. घरात काही बदललं, की ते अस्वस्थ होतं, हे मात्र खरं आहे. गणपतीला भरलेलं घर, दिवाळीचे फटाके, रंगकाम, नवं बाळ, गॅलरीबाहेर फिरकणारा परका बोका. या ताणानं मूत्राशय सुजतं, लघवीला जळजळ होते, आणि मांजर दुखण्याचा संबंध ट्रेशी जोडून ट्रेच टाळू लागतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांच्या कामामुळे हे पशुवैद्यकात मान्य झालं: लघवीत जंतू सापडत नाहीत, तरी दुखणं खरं असतं, आणि औषधाइतकीच घरातली घडी बसवावी लागते. उभ्यानं शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारणाऱ्या बोक्याची गोष्ट आणखी वेगळी. ती हद्द आखण्याची खूण. तिच्यावर उपाय नसबंदी, आणि तोही वेळेवर केला तर बहुतेक बोक्यांत गुण येतो.

बोक्यांच्या बाबतीत तर ‘मुद्दाम’ या एका शब्दानं जीव जातात. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट बुळबुळीत गाळ अडकला तर लघवी तुंबते. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, बाहेर येऊन फरशीवर बसतो. घरचे समजतात, पोट साफ होत नाही, नाहीतर नखरे. एक-दोन दिवसांत हे जिवावर बेतू शकतं. त्या घडीला घरात एका माणसाला ठाऊक असायला हवं की आज सकाळपासून ट्रेमध्ये ओला गोळा एकही नाही.

कोणाला ठाऊक असणार? जो ट्रे उपसतो त्याला. माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. झाऱ्यासारख्या जाळीच्या स्कूपनं माती चाळताना रोजचे गोळे किती, केवढे, हे आपसूक नजरेत भरतं. गोळे एकाएकी मोठे आणि जास्त होऊ लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. बारीक बारीक ठिपकेच असतील तर मूत्राशय दुखतंय. शौचाला रक्त, आव, जंत, सगळं तिथेच दिसतं. आपलं दुखणं लपवणारा हा प्राणी रोज एकच लेखी जबाब देतो, आणि आपण तो न वाचता कचऱ्यात टाकायला दुसऱ्याच्या हाती देतो.

आपल्या घरांत तो दुसरा कोण असतो ते सांगायला नको. मांजर हवं म्हणून हट्ट मुलं करतात, फोटो बाबा काढतात आणि ट्रे आई काढते. किंवा भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ‘जाता जाता तेवढं बघा’ म्हणून सांगितलं जातं. पगारात त्याचा धड उल्लेखही नसतो. तिथून ती पिशवी कचरा गोळा करणाऱ्यांच्या हातात जाते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून द्या, अशी मोहीम चालवली, कारण उघडा कचरा हातानं वेगळा करावा लागत होता. मांजराचं लिटर सुक्या कचऱ्यात मोकळं सोडणाऱ्यानं ही विनंती आपल्यालाही लागू आहे असं समजावं. घाण आपल्या घरची आणि हात दुसऱ्याचा, ही सवय आपल्या समाजात जुनी आहे. तिला जातीचा आधार होता, आणि तो पुरता सुटलेला नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्याला सफाईचं काम करू द्यावं म्हणून अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला मातीआड करून त्याचं खत करणाऱ्या संडासांचा ध्यास घेतला. मांजराचा ट्रे आणि माणसाकडून माणसाचा मैला वाहून घेण्याची अमानुष प्रथा यांची बरोबरी मी करत नाही; तसं करणं त्या प्रथेत भरडल्या गेलेल्यांचा अपमान होईल. पण आपली घाण आपण काढण्यात कमीपणा नाही, हे ज्यांना व्याख्यानात पटतं, त्यांना ते रोज सकाळी दोन मिनिटं करून बघायची सोय मांजर घरबसल्या करून देतं.

यावर आक्षेप येतात, आणि ते रास्तही आहेत. घरात गर्भवती बाई असेल तर? टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे तिनं ट्रेला हात लावू नये, हे बरोबर. इलाज नसेल तर हातमोजे घालून. पण मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या या परजीवीच्या पेशींना संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी ट्रे रोजच्या रोज उपसला तर धोका बराच कमी होतो. भीती हे ट्रे टाळण्याचं कारण नसून तो वेळेवर काढण्याचं कारण आहे. म्हातारपण, कंबरदुखी असेल तर? पगार ठरवून, हातमोजे देऊन, काय पाहायचं ते सांगून दुसऱ्याकडून काम करून घ्यावं, आणि आपण रोज विचारावं. आपोआप साफ होणारी यंत्रं आली आहेत. ती मांजराचं वजन आणि फेऱ्या मोजून मोबाइलवर कळवतात. परवडत असेल तर घ्यावीत, पण आकडे वाचायला माणूस लागतोच.

सर्वांत जोरदार आक्षेप जुन्या धाटणीच्या मांजरप्रेमींचा: आमचं मांजर बाहेर जाऊन येतं, आम्हाला ट्रेची भानगडच नाही. भानगड आहे, फक्त ती शेजाऱ्यांकडे आहे. ते मांजर तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीत जातं, नाहीतर कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या वाळूत, आणि वाळू चाळणाऱ्या गवंड्याच्या हाताला जे लागतं ते कोणाच्या मांजराचं हे त्याला कधी कळत नाही. शिवाय रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्री आहेतच. गावाकडे, जिथे स्वतःची परसबाग आहे, तिथे हा मुद्दा सैल होतो हे मान्य. शहरात मात्र ‘बाहेर जातं’ याचा अर्थ ‘दुसरा कोणी काढतो’ एवढाच.

याच मापानं आणखी एक जुना वाद सुटतो: घरात मांजरं किती असावीत? सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि ते योग्यच. पण हक्काला मर्यादा असते. २०२५ च्या सुरुवातीला हडपसरमधल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एका बाजूला भूतदया आणि दुसऱ्या बाजूला दुर्गंधी, असं भांडण रंगलं. पशुवैद्य सांगतात तो नियम साधा आहे: जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त. दोन मांजरांना तीन, चारांना पाच, आणि प्रत्येक ट्रे रोज किमान एकदा उपसायचा. तीनशेंचा हिशेब करायला गणित लागत नाही. प्रेम किती आहे हे मोजता येत नाही, त्यामुळे त्या वादाला अंत नाही. ट्रे मोजता येतात. जितके ट्रे आपल्या हातानं रोज निघतील, त्यातून एक वजा करावा. तेवढीच मांजरं आपली. उरलेल्यांवर दया करायची तर नसबंदी करून द्यावी आणि चांगली घरं शोधून द्यावीत.

पिल्लू आणायचं ठरलं की त्याचं नाव काय ठेवायचं यावर घरात दिवस दिवस खल चालतो. त्याआधी दुसरं एक नाव ठरवावं, ट्रे कोण काढणार त्याचं, आणि तो आजारी पडला किंवा परगावी गेला तर दुसऱ्याचं. ही दोन नावं घरात मिळाली तर पिल्लाला वळण लावायची चिंता फारशी उरत नाही. मिळाली नाहीत, तर पिल्लू आणू नये.